दवाखान्याच्या वाटेवरची लाज : न सांगता येणारी दुखणी डॉक्टरपर्यंत कशी न्यायची?

कृष्णाकाठ

सासूबाईंचं वय 62. त्यांचं अंग (गर्भपिशवी) बाहेर येतं, हे घरात कळलं ते गेल्या महिन्यात. लग्नाकार्याला जायचं टाळायच्या, एस.टी.त बसायला नको म्हणायच्या, देवळात मांडी घालायच्या नाहीत. कारण विचारलं की गुडघे. नणंद माहेरी आली आणि रात्री त्यांच्याजवळ झोपली, तेव्हा तिला रडत रडत सांगितलं. धाकट्या दिरांच्या वेळच्या बाळंतपणापासून थोडं होतं, पाळी गेल्यावर वाढलं. आता लघवीला बसलं की आधी बोटाने आत ढकलावं लागतं. पाण्याची कळशी उचलली की परत खाली उतरतं.

दवाखान्याचं नाव काढलं की हात जोडतात. "या वयात कुणापुढे कपडे सोडू?" एवढंच म्हणतात.

"लाजू नका, डॉक्टर देवासारखा असतो" असं त्यांना सगळ्यांनी सांगून झालंय. त्याने त्या एक पाऊलही पुढे आलेल्या नाहीत. म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. असं दुखणं घेऊन जे खरोखर डॉक्टरपर्यंत पोचले, त्यांनी काय केलं? कुठल्या गोष्टीमुळे पाऊल उचललं गेलं? मूळव्याध, लघवी सुटणं, अंगावरून जाणं, पुरुषांची दुखणी, काहीही चालेल. आडनावं-गावं नकोत, अनुभव मात्र खरे लिहा.

पिंपळपान

आमच्या आत्यांचं अगदी हेच. त्यांच्याशी शांतपणे बोलले तेव्हा कळलं की त्यांना तपासणीची भीती कमी होती, त्याआधीच्या गोष्टींची जास्त. केस पेपरच्या खिडकीवर माणूस मोठ्याने विचारतो, "मावशी, काय होतंय?" मागे गावातली चार माणसं रांगेत. मग आत गेल्यावर सोबत मुलगा. त्याच्यादेखत कसं बोलायचं?

आम्ही एवढंच केलं की मुलाला गाडी लावायला बाहेर थांबवलं आणि आत मी गेले. आणि घरूनच एक चिठ्ठी लिहून नेली होती. आत्यांना काही बोलावंच लागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली, दोन-तीन प्रश्न विचारले, आत्यांनी मान हलवून उत्तरं दिली. चिठ्ठी साधारण अशी होती :

"वय 66. बाळंतपणं 5, सगळी घरी. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. खालून अंग बाहेर येतं. उभं राहिलं, जड उचललं की जास्त, आडवं झालं की आत जातं. लघवीआधी ढकलावं लागतं. खोकल्यावर, शिंकल्यावर लघवी सुटते. रक्त जात नाही. साखरेची गोळी चालू आहे."

घाटमाथा

पुरुष, वय 38, दिवसभर गाडी चालवण्याचं काम. मला फिशरचा, म्हणजे शौचाच्या जागी चीर पडण्याचा, त्रास होता. शौचाला बसलं की काचेने कापल्यासारखं व्हायचं आणि नंतर तासभर ठणका. त्या भीतीने जाणंच टाळायचो, मग खडा आणखी कडक, मग आणखी फाटणार.

मी आधी एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. तिथे काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांसमोर विचारलं आणि मी काही न बोलता परत फिरलो. दुसऱ्या ठिकाणी फोन करून आधी विचारलं, "तक्रार खासगी आहे, काउंटरवर सांगावी लागेल का?" तिकडून उत्तर आलं, "नाही, फक्त नाव आणि वय सांगा." त्या एका वाक्यावर मी गेलो.

तपासणीत काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी. अंगावर चादर असते, लागतो तेवढाच भाग उघडा. डॉक्टर आधी नुसतं पाहतात. मला फार दुखत होतं म्हणून त्यांनी बोट किंवा नळी आत घातलीच नाही, "बघूनच कळलं, ते नंतर करू" म्हणाले. पँट चढवेपर्यंत सगळं पाच मिनिटांत उरकलं. औषध म्हणजे लावायचं मलम, इसबगोल, भरपूर पाणी आणि टबात कोमट पाण्याचा शेक. ऑपरेशन लागलं नाही.

शल्यक

मी तालुक्याच्या गावी जनरल सर्जन आहे. घाटमाथा यांनी तपासणीचं वर्णन अचूक केलंय. ताजं फिशर बहुतेक वेळा त्यांनी लिहिलेल्या साध्या उपायांनी काही आठवड्यांत भरून येतं. ते जुनं होऊन कडा घट्ट झाल्या की मग ऑपरेशनची भाषा करावी लागते. म्हणजे लाजेपोटी ज्या ऑपरेशनला माणूस घाबरून थांबतो, ते ऑपरेशन थांबल्यामुळेच जवळ येतं.

एक व्यवहाराची गोष्ट. सरकारी रुग्णालयाच्या केस पेपर खिडकीवर आजार सांगायची गरज नसते, विभाग सांगितला की पुरतं. शौचाच्या जागेची तक्रार असेल तर "सर्जरी". अंग बाहेर येणं, पांढरं जाणं, पाळीची कुठलीही अडचण असेल तर "स्त्रीरोग". जांघेतली खाज, जननेंद्रियावर फोड किंवा जखम असेल तर "त्वचा". सर्जरीच्या रांगेत हर्नियावालाही असतो, गळूवालाही असतो. तुम्ही कशासाठी उभे आहात हे कुणालाच कळत नाही.

आणि एक इशारा, तो सगळ्यांनी वाचावा. मूळव्याधीचं रूपांतर कॅन्सरमध्ये होत नाही. पण शौचावाटे जाणारं रक्त मूळव्याधीचंच आहे असं न तपासता घरी ठरवलं, तर मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर त्या नावाखाली लपून वाढतो. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी नुसत्या बोटाच्या तपासणीत हाताला लागतात. जी तपासणी लोक सर्वांत जास्त टाळतात, तीच ही. भिंतीवर "मूळव्याध-भगंदर, बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात" असं रंगवलेल्या ठिकाणी हे बोट लावलं जात नाही. तिथून चुकीच्या जागी इंजेक्शन घेऊन, पू होऊन आलेले रुग्ण मी पाहिलेत. तिथे कुणी काही विचारत नाही म्हणून लोक जातात, हे मला समजतं. त्याचाच राग येतो.

रानजाई

मी गडचिरोली जिल्ह्यात नर्स आहे. बाया दवाखान्यात येतात ते "कंबर दुखते", "हातपाय गळाले", "चक्कर येते" असं सांगत. खरं दुखणं निघतं ते निघताना, दाराशी. म्हणून मी कुणालाच घाईने उठवत नाही.

आमच्या जिल्ह्यातलं एक काम इथे सांगायलाच हवं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली आणि ते निष्कर्ष 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. 92 टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त 8 टक्के. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं. पाळी गेलेल्या बाईला, कुमारिकेला, मूल न होणाऱ्या बाईला काय होतं हे कुणी विचारतच नव्हतं. त्या दोन गावांतल्या बाया तपासणीला तयार झाल्या, म्हणूनच हे जगाला दिसलं. "आमच्याकडच्या बाया तयारच होत नाहीत" असं कुणी म्हणालं की मी हे सांगते. विश्वासाचं माणूस समोर असलं आणि बाईला तिच्या बोलीत विचारलं, की तयार होतात.

कृष्णाकाठ ताई, सासूबाईंना म्हणावं, आधी तपासायला नका जाऊ. फक्त बोलायला जा. पहिल्या भेटीत कपडे सोडायचे नाहीत, असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवता येतं. बोलणं झालं की पुष्कळ बाया त्याच दिवशी स्वतःहून टेबलावर चढतात. नाही चढल्या तरी दुसऱ्या खेपेला येतात. गावातली आशाताई ओळखीची असेल तर तिला सोबत न्या. मात्र आधी सासूबाईंना विचारून. काहींना गावातलंच माणूस नको असतं.

सायंतारा

सगळं पटलं, पण आतापर्यंतच्या प्रतिसादांत सुधारायचं काम रुग्णानेच करायचं असं दिसतंय. चिठ्ठी त्याने लिहायची, फोन त्याने करायचा, लाज त्याने सोडायची. दवाखान्यांनी काय करायचं?

मी एका मोठ्या रुग्णालयात गेले होते. डॉक्टरांच्या टेबलाभोवती एकाच वेळी पाच बायका उभ्या. पहिलीचं ऐकताना बाकी चौघींचे कान तिथेच. पडदा अर्धा. मला आतून तपासायच्या वेळी शिकाऊ मुलामुलींचा घोळका आला, कुणी विचारलं नाही. त्यानंतर मी बरीच वर्षं कुठेच गेले नाही. ती लाज मी घरून घेऊन गेले नव्हते, ती मला तिथे मिळाली.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली आहे. गोपनीयता आणि सन्मान हा त्यात हक्क म्हणून लिहिलाय. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर असली पाहिजे, हेही त्यात आहे. हे मेहेरबानी म्हणून मागायचं नाही. "सिस्टर आल्यावर तपासा" आणि "विद्यार्थ्यांना बाहेर थांबायला सांगा" ही दोन वाक्यं प्रत्येक मुलीला पाठ हवीत.

शल्यक

सायंतारा, तुमची तक्रार खरी आहे आणि त्यावर माझ्याकडे सबब नाही. एका सकाळी शंभरावर रुग्ण असतात हे खरं, पण पडदा पूर्ण ओढायला वेळ लागत नाही. विद्यार्थ्यांना शिकायलाच हवं, पण आधी रुग्णाला विचारून. तिने नाही म्हटलं म्हणून तिच्या उपचारात काही कमी होता कामा नये. माझ्या खोलीत एका वेळी एकच रुग्ण हा नियम केल्यापासून रांग थोडी हळू सरकते, पण लोक खरं सांगतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या खेपा वाचतात.

पिंपळपान

सायंतारा यांच्या म्हणण्याला जुना आधार आहे. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला बोलल्या, तेव्हा त्यांनी हेच कारण दिलं होतं की इथल्या बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं, तिथे बायका डॉक्टर होत्या. बाईला लाजू नको म्हणत बसण्यापेक्षा तिला येता येईल असा दवाखाना उभा करावा, हे तेव्हाही लोकांना कळलं होतं.

धूळपाटी

मी शाळेत शिक्षक आहे, वसतिगृहाची जबाबदारी असते. मुलग्यांबद्दल लिहितो, कारण त्यांचा विचार कुणी करत नाही.

आमच्याकडे नववीतला एक मुलगा पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला. ओकारी झाली. सगळ्यांनी खाण्यावर ढकललं. आमच्या स्वयंपाकाच्या मामांनी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं, "बाळा, खाली गोटीला दुखतंय का?" त्याने मान हलवली. त्याला लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. वृषणाला पीळ पडला होता. वेळेत ऑपरेशन झालं, वृषण वाचलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पीळ पडल्यापासून साधारण सहा तासांत सुटला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे झपाट्याने कमी होत जाते. मुलं लाजून "पोट" म्हणतात आणि तास निघून जातात.

तेव्हापासून दर जूनमध्ये मी सातवीच्या वरच्या मुलांना हे एकदा स्वच्छ शब्दांत सांगतो. अचानक दुखलं, सुजलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उठवा. आणि न दुखणारी गाठ हाताला लागली तरी सांगा. वृषणाचा कॅन्सर तरुणांमध्ये जास्त दिसतो आणि लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. मुलं सुरुवातीला खाली बघतात. मग प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न फार शहाणे असतात.

मध्यान्ह

मला खूप दिवस विचारायचं होतं. वय 51. संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, वर्षभर झालं. साखर थोडी वाढलेली आहे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतले "वैद्य" लॉजवर येतात, तिथे मित्र चल म्हणतोय. नेहमीच्या डॉक्टरांना सांगायचं तर ते माझ्या वडिलांपासून आमच्या घरचे. कसं सांगू?

शल्यक

लॉजवर जाऊ नका. त्या पुड्यांत काय असतं हे देणाराही सांगत नाही.

ही तक्रार नुसती संबंधापुरती नसते. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड आधी तिथे दिसतो. छातीत दुखायला लागण्याच्या काही वर्षं आधी ही खूण दिसलेली असू शकते. मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्या दोन्हींवर परिणाम होतो. म्हणून तुम्हाला साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, गरज वाटली तर हृदयाची तपासणी, एवढं तरी हवंच. त्यात काही सापडलं तर ही तक्रार तुमचा जीव वाचवणारी ठरेल.

यावरच्या चांगल्या गोळ्या आहेत, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. ज्यांना हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू आहेत, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट त्यातलीच, त्यांनी ही गोळी घेतली तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवायची नाही आणि या डॉक्टरांपासून हृदयाची गोळी लपवायची नाही.

घरच्या डॉक्टरांना सांगवत नसेल तर शहरातल्या युरॉलॉजिस्टकडे जा, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. तेवढीही हिंमत होत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवरून घरबसल्या डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. पहिलं वाक्य हे म्हणा : "साहेब, साखर आहे आणि वर्षभर ताठरता येत नाही." पुढचं डॉक्टर विचारतील.

रानजाई

पुरुषांसाठी आणखी एक. संबंधातून आलेल्या संसर्गाची शंका असेल तर बऱ्याच सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' आहे, तपासणी आणि औषध मोफत. 1097 या नंबरवर फोन केला तर नाव न सांगता बोलता येतं. औषध नवरा-बायको दोघांनीही घ्यायचं असतं. नाहीतर एकाचं बरं होतं, दुसऱ्याकडून परत येतं. हे बायांनी नवऱ्याला सांगणं सर्वांत अवघड जातं. अशा वेळी मी "दोघांना बोलवा, मी सांगते" म्हणते.

टेम्सकाठ

इंग्लंडमधून लिहिते आहे. इथेही लाज आहेच, फक्त काही व्यवस्था लावलेल्या आहेत. वयाची पन्नाशी ओलांडली की दर 2 वर्षांनी पोस्टाने घरी एक डबी येते. शौचाचा अगदी छोटा नमुना काडीने घेऊन परत पोस्टाने पाठवायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. कुणाला भेटावं लागत नाही, बोलावं लागत नाही. रक्त सापडलं तरच पुढच्या तपासणीला बोलावतात.

पण आपल्या माणसांची अडचण इथे वेगळीच होते. भारतातून आलेल्या आयांना इंग्रजी येत नाही, मग मुलगा दुभाषी म्हणून आत बसतो. आईने अंगावरून जाण्याबद्दल मुलाच्या तोंडून डॉक्टरला कसं सांगायचं? माझ्या शेजारच्या काकूंनी मुलासमोर "सर्दी" सांगितली होती. इथे दवाखान्याकडे आधी मागणी केली तर दुभाषा मोफत मिळतो, बाई हवी असं सांगता येतं, फोनवरूनही चालतं. परदेशात आईवडिलांना आणलेल्यांनी कृपा करून ही सोय वापरा, स्वतः मध्ये बसू नका.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही जाऊन आलो.

काय उपयोगी पडलं ते सांगते. रानजाईंचं "फक्त बोलायला जायचं" हे ऐकून सासूबाई उठल्या. पिंपळपान यांच्यासारखी चिठ्ठी नणंदेने लिहिली आणि सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी त्यात स्वतः भर घातली, की कापड घासून कधीकधी डाग पडतो. हे त्यांनी नणंदेलाही आधी सांगितलं नव्हतं. खिडकीवर "स्त्रीरोग" एवढंच म्हणालो. आत बाई डॉक्टर होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचून पहिल्यांदा विचारलं, "कळशी कोण उचलतं घरात?" सासूबाई हसल्या आणि मग बोलतच राहिल्या. तपासणीही त्याच दिवशी झाली, त्यांनीच "आता बघूनच घ्या" म्हटलं.

बाहेर आलेल्या भागाला घासून जखम झाली होती. त्यावर मलम दिलंय. पाळी गेल्यावर असा डाग दिसला की तो घासल्याचाच आहे असं न मानता पिशवीची तपासणी करावीच लागते, म्हणून सोनोग्राफी आणि एक नमुनाही घेतला. ते ठीक आलं. जखम भरली की आत रबरासारखी रिंग बसवायची, ती दर काही महिन्यांनी काढून धुऊन परत बसवतात. रिंगने जमलं नाही तर ऑपरेशन. जड उचलणं बंद, खोकला आणि बद्धकोष्ठ यांच्यावर आधी इलाज. मलाही डॉक्टरांनी ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते आवळून धरायचे आणि सोडायचे, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. दोन बाळंतपणं झालेल्या प्रत्येकीने करावेत असं म्हणाल्या.

सासूबाईंनी त्यांच्या भजनी मंडळातल्या दोघींना सांगितलंय. एक पुढच्या आठवड्यात येणार आहे.

अंगणवेल

नवीन सभासद आहे. पूर्ण धागा वाचला. यजमान 47 वर्षांचे. दोन-तीन महिने शौचाला रक्त पडतंय. ते उष्णता म्हणतात, सब्जा घेतात. पट्टा दोन भोकं आत गेलाय. हल्ली दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं आणि तरी पोट साफ वाटत नाही. मूळव्याधच असेल ना?

शल्यक

ताई, वजन उतरणं, शौचाची सवय बदलणं आणि रक्त, हे तिन्ही एकत्र असताना मूळव्याध असं गृहीत धरायचं नाही. घाबरवत नाही, कारण साधी आतड्याची सूजही असू शकते. पण या आठवड्यात सर्जनकडे किंवा पोटविकारतज्ज्ञांकडे जा. बोटाने तपासणी, हिमोग्लोबिन आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं. "आधी गोळ्या घेऊन बघू" असं कुणी म्हणालं तर वजनाचं आवर्जून सांगा. चिठ्ठीत पट्ट्याचं लिहाच.

अंगणवेल

ते शेजारी बसून वाचत होते. सोमवारचा नंबर लावलाय. कोलोनोस्कोपीला उपाशी राहावं लागतं का? आणि ते विचारतायत, भूल देतात का?

शल्यक

आदल्या दिवशी हलकं, चोथा नसलेलं खाणं. मग डॉक्टर देतील ते पोट साफ करणारं औषध भरपूर पाण्यातून प्यायचं, त्याने बरेच जुलाब होतात. त्या दिवशी घरीच राहावं, संडास जवळ असावा. बहुतेक ठिकाणी शिरेतून झोपेचं औषध देतात, त्यामुळे फारसं कळत नाही. म्हणून परतताना त्यांनी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवं. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची गोळी चालू असेल तर सोमवारीच सांगा, ती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील. रिपोर्ट आला की इथे लिहा किंवा मला व्यक्तिगत निरोप पाठवा.